राजाच्या हातातला ग्रंथ

इतिहासाच्या तासाला आम्ही प्राध्यापक मंडळी एक वाक्य वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. छापखाना निघाला आणि युरोपात धर्मसुधारणा पसरली. वाक्य खोटे नाही. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत जसेच्या तसे लिहितात, आणि आम्ही त्याला गुणही देतो. मीही कितीतरी वर्षे हे वाक्य सांगत होतो. पण एकदा वर्गात मी एका जुन्या इंग्रजी बायबलच्या पहिल्या पानाचे चित्र दाखवले. ते चित्र बाकाबाकांवरून फिरत शेवटच्या रांगेपर्यंत गेले, आणि तिथून एका मुलाने विचारले, "सर, पुस्तक देवाचं आहे ना? मग यात देव कुठं दिसत नाही तो?"

देव चित्रात होता. अगदी वरच्या कडेला, ढगांत, चौकटीखाली मान आखडून बसल्यासारखा. त्याच्या खाली, पानाच्या ऐन मोक्याच्या जागी, सिंहासनावर ऐसपैस बसलेला होता तो इंग्लंडचा राजा आठवा हेन्री. त्या मुलाच्या डोळ्यांना आधी दिसला तो राजा, आणि ते साहजिकच होते. चित्र काढणाऱ्याची इच्छाही तीच होती. त्या दिवसापासून मला ते ठरीव वाक्य अपुरे वाटू लागले. छापखान्याने नुसते शब्द पसरवले नाहीत, चित्रेही पसरवली. आणि त्या चित्रांची सूत्रे कोणाच्या हातात होती, हे पाहिल्यावाचून त्या काळचे राजकारण नीट उलगडत नाही. वाचकहो, आज आपण त्या चित्रांकडेच पाहू.

चित्रांचे हे हत्यार पहिल्यांदा परजले गेले ते जर्मनीत. मार्टिन ल्यूथरच्या बाजूने लुकास क्रानाख या चित्रकाराने १५२१ साली एक लहानसे पुस्तक काढले. समोरासमोरच्या पानांवर चित्रांच्या तेरा जोड्या. एका पानावर ख्रिस्त शिष्यांचे पाय धुतो आहे, तर समोरच्या पानावर पोप राजेलोकांकडून आपल्या पायांचे चुंबन घेववतो आहे. मजकूर थोडा, चित्रे मोठी. वाचता येवो न येवो, अर्थ ताबडतोब समजे. हे झाले हल्ल्याचे चित्र. इंग्लंडातली गोष्ट जरा निराळी आहे. तिथे धर्मसुधारणेचा हुकूम खुद्द राजवाड्यातून सुटला, त्यामुळे तिथल्या चित्रांनी आधी राजाला मोठे केले आणि पोपला खाली पाडायचे काम मागाहून हाती घेतले.

आता हा हेन्री कोण? हाच हेन्री १५२१ साली ल्यूथरच्या विरुद्ध पुस्तक लिहून पोपकडून 'धर्मरक्षक' ही पदवी मिळवून बसला होता. पुढे त्याला आपली राणी कॅथरीन हिच्याशी झालेला विवाह रद्द करून हवा होता, पोप सातवा क्लेमंट ते करीना, आणि पाहता पाहता प्रकरण इतके चिघळले की १५३४ साली पार्लमेंटने कायदा करून इंग्लंडच्या चर्चचे प्रमुखपद राजालाच देऊन टाकले. कायदा झाला, पण कायदा वाचतो कोण? खेड्यातल्या माणसाला पिढ्यानपिढ्या माहीत होते की धर्माचा धनी रोमला असतो. तो आता लंडनला असतो, हे त्याच्या गळी उतरवायचे होते. हे काम ज्याने अंगावर घेतले तो राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल. (आपल्याकडे क्रॉमवेल म्हटले की ऑलिव्हर आठवतो. तो शंभर वर्षांनंतरचा. या थॉमसच्या बहिणीच्या वंशातला.)

१५३५ साली माइल्स कव्हरडेल याने संपूर्ण बायबल इंग्रजीत छापून काढले. छपाई झाली समुद्रापलीकडे, युरोपच्या भूमीवर. त्याच्या पहिल्या पानाचे चित्र हान्स होल्बाइनचे, म्हणजे ज्याने हेन्रीची ती रुंद खांद्यांची, पाय फाकून उभी राहिलेली जगप्रसिद्ध प्रतिमा रंगवली त्याच चित्रकाराचे. पानाच्या तळाशी हेन्री बसला आहे. एका हातात तलवार, दुसऱ्या हाताने तो ग्रंथ देतो आहे, आणि गुडघे टेकलेले बिशप तो घेत आहेत. त्याच्या एका अंगाला राजा डेव्हिड, दुसऱ्या अंगाला संत पॉल. बाजूंच्या चौकटींत मोझेस देवाकडून आज्ञा घेतो आहे, ख्रिस्त शिष्यांना जगात धाडतो आहे. चित्राचा युक्तिवाद सरळ आहे. मोझेसने जे केले, ख्रिस्ताने जे केले, त्याच परंपरेत हा राजा बसतो. मधल्या कोणा पोपची गरज उरत नाही.

असले चित्र छापायचे कसे, तेही सांगितले पाहिजे, कारण सगळी खुबी त्या तंत्रातच होती. गुळगुळीत केलेल्या लाकडी फळीवर चित्र उलटे काढायचे, रेघा तेवढ्या ठेवून बाकीचे लाकूड पात्याने कोरून टाकायचे. रेघा उंच राहतात, त्यांच्यावर शाई बसते. शिशाचे खिळेही असेच उंच असतात. त्यामुळे लाकडी ठसा आणि खिळे एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापता येतात. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राला हे साधत नाही; तिथे शाई खाचेत भरावी लागते आणि वेगळ्या यंत्रावर छापावे लागते. म्हणून लाकडी ठसा स्वस्त. आणि त्याचा आणखी एक गुण असा की तो पुन्हा वापरता येतो, लागला तर थोडा कोरून बदलताही येतो. हा बदलण्याचा गुण ध्यानात असू द्या.

१५३८ साली क्रॉमवेलने राजाच्या नावाने फर्मान काढले की प्रत्येक पॅरिश चर्चमध्ये, लोकांना सोयीने वाचता येईल अशा जागी, सर्वांत मोठ्या आकाराचे इंग्रजी बायबल ठेवावे. खर्च अर्धा धर्मगुरूने सोसायचा, अर्धा गावाने. देशात आठ-नऊ हजार पॅरिशेस. एवढ्या प्रती आणायच्या कोठून? उत्तम कागद आणि तरबेज कामगार पॅरिसला मिळतात म्हणून ग्राफ्टन आणि व्हिटचर्च हे दोघे इंग्रज छपाईदार तिकडे गेले. फ्रान्सच्या राजाने परवानगी दिली होती. तरीही डिसेंबर १५३८ मध्ये तिथल्या धर्मन्यायालयाने काम थांबवले आणि छापलेले कागद जप्त केले. त्यांतले काही एका टोप्यांच्या व्यापाऱ्याला रद्दी म्हणून गेले होते आणि ते त्याच्याकडून परत विकत घेतले, अशी हकीकत पुढे नोंदली गेली. मग खिळे, यंत्रे आणि कामगार लंडनला हलवून १५३९ च्या एप्रिलमध्ये ग्रंथ पुरा झाला. हेच ते 'ग्रेट बायबल', आणि माझ्या वर्गात फिरले ते याचेच पहिले पान.

हे पान आता सावकाश पाहू. वर मध्यभागी हेन्री. त्याच्या दोन्ही हातांत ग्रंथ, आणि ग्रंथावर लॅटिनमध्ये लिहिले आहे 'देवाचा शब्द'. डावीकडे तो आर्चबिशप क्रॅन्मरला देतो, उजवीकडे क्रॉमवेलला. बिशपांनी आपले उंच मुकुट जमिनीवर काढून ठेवले आहेत. राजापुढे डोके उघडे. त्याखालच्या ओळीत क्रॅन्मर तोच ग्रंथ एका धर्मगुरूला देतो आहे आणि क्रॉमवेल एका गृहस्थाला. दोघांच्या पायांशी ज्याची त्याची कुलचिन्हाची ढाल. सगळ्यांत खाली प्रवचनकार व्यासपीठावर उभा राहून बोलतो आहे आणि समोर बाया, बाप्ये, मुले दाटीवाटीने ऐकत आहेत. कोपऱ्यात तुरुंग आहे, त्यातून कैदीही डोकावतात. आणि या सगळ्या लोकांच्या तोंडातून कागदी फिती निघाल्या आहेत. आजच्या व्यंगचित्रात तोंडाजवळ फुगा काढतात ना, तसेच हे. त्या फितींवर लिहिले आहे: राजा चिरायू होवो. बहुतेकांच्या तोंडी हे लॅटिनमध्ये आहे, थोड्यांच्या तोंडी इंग्रजीत. लोकांना त्यांच्या भाषेत धर्मग्रंथ दिला म्हणून आनंद करायचा, आणि तो आनंद करायचा लॅटिनमध्ये! चित्रकाराला यातली गंमत जाणवली असेल की नाही कोण जाणे.

पण माझे लक्ष दरवेळी दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. वरून खाली ग्रंथ येतो आहे खरा. राजाकडून मंत्र्याकडे, मंत्र्याकडून गृहस्थाकडे. मात्र तळाच्या गर्दीत उतरेपर्यंत पुस्तक नाहीसे झालेले असते. खालच्या लोकांच्या हातात ग्रंथ नाही. त्यांच्या वाट्याला ऐकणे आहे आणि जयजयकार आहे. प्रवचनाचा विषयही काय, तर राजांसाठी प्रार्थना करा. कायद्याने लोकांना ग्रंथ वाचायला दिला त्याच वेळी चित्राने त्यांना त्यांची पायरी दाखवून दिली. सरकारी प्रचाराचा इतका नेटका नमुना त्या शतकात मला दुसरा दिसत नाही.

या पानामागे एक दुःखाची गोष्टही दडली आहे. त्यातले बरेचसे शब्द विल्यम टिंडेलचे. इंग्रजीत नवा करार मूळ ग्रीकवरून उतरवून त्याने तो १५२६ मध्ये जर्मनीतल्या वर्म्स शहरी छापला होता. त्याच्या प्रती कापडाच्या गठ्ठ्यांतून चोरून इंग्लंडात येत आणि सापडल्या की लंडनच्या चौकात जाळल्या जात. टिंडेल स्वतः १५३६ साली ब्रसेल्सजवळ पकडलेल्या अवस्थेत मारला गेला. आधी गळा आवळला, मग देह जाळला. आणि तीन वर्षांच्या आत त्याचेच भाषांतर, थोडेफार सुधारून, राजाच्या हातातून बिशपांना दिले जात होते. त्याचे नाव मात्र त्या पानावर कुठेही नाही.

आता ठशाच्या त्या बदलता येण्याच्या गुणाकडे वळू. १५४० च्या जूनमध्ये क्रॉमवेलवर राजाची खप्पा मर्जी झाली आणि २८ जुलैला त्याचे मुंडके उडवले गेले. पण 'ग्रेट बायबल'च्या आवृत्त्या तर निघत होत्या. पहिले पान नवे कोरायचे म्हणजे वेळ आणि पैसा. मग छपाईदारांनी काय केले? क्रॉमवेलच्या पायाशी असलेल्या ढालीतले कुलचिन्ह तेवढे लाकडातून काढून टाकले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातील आवृत्तीपासून त्या जागी नुसती कोरी ढाल दिसते. माणूस चित्रात तसाच उभा, ग्रंथ देतो आहे, चेहराही तोच; फक्त त्याला नाव उरले नाही. ज्याने हा सगळा खटाटोप उभा केला, त्यात स्वतःचा पैसा घातला, त्याची आठवण पात्याच्या चार फटकाऱ्यांत पुसली.

इथे आणखी एक विसंगती नजरेआड करता येत नाही. ज्या १५३८ च्या फर्मानाने चर्चमध्ये बायबल आणले, त्याच फर्मानाने ज्यांच्यासाठी लोक यात्रा करीत, नवस बोलत, मेणबत्त्या लावीत त्या मूर्ती खाली उतरवायला सांगितल्या. त्याच वर्षी कँटरबरी येथील संत थॉमस बेकेटची सुप्रसिद्ध समाधी फोडली गेली आणि तिथले सोनेनाणे गाड्या भरभरून राजाच्या खजिन्यात गेले. म्हणजे एका हाताने चित्रे मोडायची आणि दुसऱ्या हाताने छापायची. सुधारकांचे म्हणणे असे की मूर्तीपुढे माणूस गुडघे टेकतो, छापील चित्र पाहून नुसता शिकतो. असेल. पण त्या पहिल्या पानावर गुडघे टेकणारी माणसे काही थोडीथोडकी नाहीत, आणि ती टेकतात राजापुढे.

लोकांनी हे सगळे कसे घेतले? चेम्सफर्ड गावच्या विल्यम माल्डन नावाच्या मुलाने पुढे मोठेपणी आपली आठवण लिहून ठेवली आहे. त्याच्या गावातल्या काही गरीब माणसांनी नवा करार विकत घेतला आणि रविवारी चर्चच्या मागच्या टोकाला बसून ते तो मोठ्याने वाचीत. हा पोरगा ऐकायला जाऊन बसे. बापाला ते खपेना. तो त्याला तिथून उठवून लॅटिन प्रार्थना म्हणायला लावी. तेव्हा पोराने ठरवले की आपणच वाचायला शिकायचे. शिकला. बापाच्या हाताखालच्या उमेदवाराशी पैसे जमवून दोघांनी एक प्रत घेतली आणि अंथरुणातल्या गवताखाली लपवली. एके रात्री क्रूसापुढे गुडघे टेकण्यावरून त्याचा आईशी वाद झाला. आईने बापाला सांगितले. बापाने केस धरून त्याला अंथरुणातून ओढले, बेदम मारले, आणि मुलगा रडत नाही हे पाहून इतका खवळला की दोर आणून त्याच्या गळ्यात घातला. आई आणि भाऊ मधे पडले म्हणून पोरगा वाचला.

पाहा, राजाच्या चित्रात ग्रंथ वरून खाली येतो आणि सारे सुखाने जयजयकार करतात. चेम्सफर्डच्या त्या घरात ग्रंथ गवताखालून निघाला आणि बाप-लेक एकमेकांवर उठले. चित्राने सांगितलेली शांतता घराघरांत मोडत होती.

राजालाही हे दिसू लागले. 'ग्रेट बायबल'ची किंमत सरकारने सुटी प्रत दहा शिलिंग आणि बांधलेली बारा शिलिंग अशी ठरवली होती. मजुराला दिवसाला चार पेन्स मिळत. म्हणजे बांधलेल्या प्रतीला छत्तीस दिवसांची मजुरी. तरी लोक वाचत होते, गटागटाने वाचत होते, आणि वाचून प्रश्न विचारीत होते. १५४३ साली पार्लमेंटने कायदा केला की सामान्य घरच्या बायका, कारागीर, उमेदवार, नोकर, शेतकरी, मजूर यांनी इंग्रजी बायबल वाचू नये. १५४५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी हेन्रीने पार्लमेंटपुढे भाषण केले, त्यात त्याची तक्रार हीच होती की देवाच्या शब्दावर दारूच्या गुत्त्यागुत्त्यांतून वाद चालले आहेत, गाणी रचली जात आहेत. पुढच्याच वर्षी जुलैत अ‍ॅन अ‍ॅस्क्यू नावाच्या, स्वतः बायबल वाचून बोलणाऱ्या बाईला लंडनच्या स्मिथफील्डमध्ये जिवंत जाळण्यात आले. त्याआधी तिला टॉवरमध्ये ताणयंत्रावर इतके ताणले होते की चालता येईना. खुर्चीत बसवून नेली. हीही हेन्रीचीच राजवट, बरं का.

१५४७ मध्ये हेन्री वारला. मागून आला नऊ वर्षांचा सहावा एडवर्ड. त्याच्या काळात चर्चमधल्या उरल्यासुरल्या मूर्तीही गेल्या, आणि छापील चित्रात हा बालराजाही बापासारखाच सिंहासनावरून बिशपांना ग्रंथ देताना दिसू लागला. सहा वर्षांत तोही गेला. नंतर मेरी राणी, कॅथरीनची मुलगी, कट्टर रोमन कॅथॉलिक. तिच्या १५५३ ते १५५८ या कारकिर्दीत सुमारे २८० प्रॉटेस्टंट माणसे जाळली गेली. त्यांत क्रॅन्मरही होता. भीतीपोटी त्याने आधी आपली मते मागे घेणारे कागद सही करून दिले, आणि २१ मार्च १५५६ रोजी ज्या हाताने सह्या केल्या तो उजवा हात त्याने आधी ज्वाळेत धरला.

या मरणांची नोंद एका निर्वासित विद्वानाने ठेवली. जॉन फॉक्स हे त्याचे नाव. बाझेल शहरात एका छापखान्यात मुद्रिते तपासून तो पोट भरत होता. एलिझाबेथ गादीवर आल्यावर तो परतला आणि १५६३ साली लंडनच्या जॉन डे या छपाईदाराने त्याचा ग्रंथ छापला. मोठ्या आकाराची सुमारे अठराशे पाने, आणि पन्नासहून अधिक चित्रे. लोकांनी त्याला नाव दिले 'हुतात्म्यांचे पुस्तक'. १५७० ची दुसरी आवृत्ती दोन खंडांची, तिच्यात शंभरावर चित्रे. १५७१ मध्ये धर्मसभेने ठरवले की प्रत्येक कॅथीड्रलमध्ये आणि बिशपांच्या घरी हा ग्रंथ असावा. पुष्कळ गावांनी आपणहून तो चर्चमध्ये बायबलशेजारी ठेवला.

त्याच्या पहिल्या पानाच्या दोन बाजू आहेत. वर इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त. त्याच्या उजव्या हाताला खरे चर्च: खाली मांडीवर पुस्तक घेऊन प्रवचन ऐकणारे लोक, वर ज्वाळांत उभे राहून तुताऱ्या फुंकणारे हुतात्मे. डाव्या हाताला खोटे चर्च: जपमाळा ओढणारे श्रोते आणि पूजा चालवणारे मुंडित डोक्यांचे धर्मगुरू. आणि इथे एक बदल नजरेत भरतो. 'ग्रेट बायबल'च्या पानावर खालच्या माणसांचे हात रिकामे होते. फॉक्सच्या पानावर त्याच जागी बसलेल्या साध्या माणसांच्या मांडीवर ग्रंथ आला आहे. मधल्या चोवीस वर्षांत जे रक्त सांडले, त्याची ही कमाई म्हणायला हरकत नाही.

आतली चित्रे मात्र सगळीच प्रत्येकाची वेगळी नव्हेत. मोठी चित्रे खास कोरलेली: ऑक्सफर्डला पाठीला पाठ लावून जळणारे लॅटिमर आणि रिडली, हात आगीत धरलेला क्रॅन्मर, इंग्लंडच्या राजाचे डोळे उघड अशी देवाला शेवटची विनवणी करणारा टिंडेल. अ‍ॅन अ‍ॅस्क्यूच्या दहनाचे चित्र तर १५४८ मध्ये आधीच एका पुस्तकात येऊन गेले होते. डेने तोच ठसा मिळवून वापरला. पण लहान चित्रे अशी की खांबाला बांधलेला एक माणूस, भोवती लाकडे, ज्वाळा. आणि तोच ठसा कधी विणकराच्या गोष्टीत, कधी दुसऱ्याच कोणाच्या. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला हे टोचते. चित्र म्हणजे पुरावा अशी आपली समजूत, आणि इथे एक चेहरा अनेकांच्या नावावर खपवला आहे. पण शेकोटीभोवती बसून हा ग्रंथ ऐकणाऱ्या घरांना तो प्रश्न पडला नसावा.

आणि राजसत्ता? ती इथेही आहेच. ग्रंथाच्या सुरुवातीला राणीला उद्देशून लिहिलेले अर्पणपत्र कॉन्स्टंटाइन या रोमन सम्राटाच्या नावाने सुरू होते. त्या नावाचे पहिले इंग्रजी अक्षर 'सी'. डेने ते अक्षर चित्र म्हणून कोरून घेतले: अक्षराच्या पोटात सिंहासनावर एलिझाबेथ, एका हातात तलवार, दुसऱ्यात गोल, आणि तिच्या पायांखाली, अक्षराच्या वेटोळ्यात गुंतलेला पोप, हातात मोडक्या किल्ल्या. १५७० च्या फेब्रुवारीत पोप पाचव्या पायसने एलिझाबेथला धर्मबहिष्कृत केले. त्याच वर्षीच्या आवृत्तीत हेन्रीचे एक मोठे चित्र आले: पोप क्लेमंट आडवा पडलेला आणि त्याच्या अंगावर हेन्रीचे पाय. प्रत्यक्षात या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेसुद्धा नव्हते. गंमत अशी की त्या चित्रात राजाच्या बाजूला क्रॅन्मर आहे आणि क्रॉमवेलही आहे. ज्याची ढाल कोरून टाकली होती त्याला तीस वर्षांनी पुन्हा मानाची जागा मिळाली. हेन्रीने त्याला मारले, हे चित्र सांगत नाही.

दुसरी बाजू काही स्वस्थ बसली नव्हती. एलिझाबेथच्या राज्यात कॅथॉलिक धर्मगुरू फासावर चढत होते. १५८१ मध्ये एडमंड कँपियनला मारले. त्यांची चित्रे तांब्यावर कोरून रोमला आणि अँटवर्पला छापली जाऊ लागली. फॉक्सच्या चित्रांतला क्रूर छळ करणारा इथे प्रॉटेस्टंट, आणि हुतात्मा कॅथॉलिक. हत्यार तेच, फक्त मूठ दुसऱ्याच्या हातात.

या ओढाताणीचा एक धागा थेट आपल्या कोकणपट्टीपर्यंत येतो. विल्टशर परगण्यातला थॉमस स्टीफन्स नावाचा तरुण एलिझाबेथच्या इंग्लंडातून निघाला, १५७५ मध्ये रोमला जेझुइट झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याच्या बंदरात उतरला. मायदेशी त्याच्या पंथाला जागा नव्हती. तोच आपला फादर स्टीफन्स; मराठी भाषेला रत्नांतील हिऱ्याची उपमा देणारा, ओवीत 'क्रिस्तपुराण' रचणारा. १६१६ साली ते राशोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये, म्हणजे क्रॅन्मरने आगीत हात धरला त्याच वर्षी. तिकडे इंग्लंडच्या राजसत्तेने ज्याला बाहेर लोटले, तो इकडे पोर्तुगालच्या राजसत्तेच्या सावलीत ग्रंथ छापत होता, आणि त्या सावलीखाली गोव्यातली देवळे पडली होती, हेही विसरून चालणार नाही.

जाता जाता १५४६ ची एक गोष्ट सांगायची राहिली. रॉबर्ट विल्यम्स नावाचा एक मेंढपाळ ग्लॉस्टरशरमधल्या सेंटबरीच्या टेकडीवर मेंढ्या राखीत होता. त्याने एक इंग्रजी पुस्तक विकत घेतले. बायबल नव्हे, निरनिराळ्या वस्तूंचे आणि चालीरीतींचे मूळ सांगणारे एक साधे पुस्तक. त्याच्या कोऱ्या जागेत त्याने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून ठेवले की मेंढपाळांनी नवा करार वाचू नये असे ठरले तेव्हा मी हे पुस्तक घेतले. देव हे आंधळेपण दूर करो. खाली आपले नाव, टेकडीचे नाव आणि साल. ते पुस्तक अजून जपलेले आहे.